तळातून दुमडलेलं पत्र

बुधवार, १५ ऑक्टोबर

चि. चोंबडीस,
अनेक आशीर्वाद. राग आला म्हणून ते आखडते घेता येत नाहीत.

काल, मंगळवार १४ ऑक्टोबर रोजी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, तुझ्या पहिल्यावहिल्या रहस्यकादंबरीच्या दोनशे बाराव्या पानावर तू मला पकडलंस. चहा निवला, मी तापले.

तुझी ती हौशी गुप्तहेर बाई मीच, हे दुसऱ्या पानावरच कळलं. टपाल कार्यालयातून निवृत्त, जिभेला हाड नाही. इन्स्पेक्टरला म्हणते, ‘साहेब, पुरावा तुमच्या बुटाखाली आहे. बूटही पुसून घ्या.’ हसले मी. पण चष्मा गळ्यात दोरीने कशाला बांधलास? माझा पर्समध्ये असतो. सापडत नाही, ते सोड.

तुझी आई बरी आहे. डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. येत्या रविवारपासून वाचायची परवानगी आहे. तुझं पुस्तक उशाशी घेऊन बसलीय. रोज विचारते, “धाकटे, चोर कोण गं?” मी म्हणते, “ताई, तूच वाच.”

तर पान दोनशे बारा. हरवलेलं पत्र कोणी लपवलं, ते तुझी बाई घडीवरून ओळखते. तीन घड्या, पहिली तळातून वर. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला तशीच घालायला लावत. ताई साध्या शाळेतली. घरात तशी घडी माझी एकटीची. आणि चोर निघते बाईची धाकटी बहीण! म्हणजे गुप्तहेरही मी, चोरही मीच. काटकसर आईवर गेलीय तुझी.

पुस्तक मिटून मी शिवणयंत्राचा खालचा खण उघडला. मी लपवलेलं पत्र तिथंच होतं. पण चौकोनी दुमडलेलं, तू दुमडतेस तसं. दहा वर्षांची असताना त्या खणात तू बाहुलीसाठी चिंध्या शोधायचीस. वाचलंस, परत ठेवलंस आणि पंचवीस वर्षं अवाक्षर काढलं नाहीस. तू! जिच्या पोटात तीळ भिजत नाही असं मी गावभर सांगत आले.

त्या पत्रातून ताईला परगावच्या नाटक मंडळींनी बोलावलं होतं. दहा दिवसांत हजर व्हायचं होतं. आमची आई नुकतीच गेलेली, बाबा कोणाशी बोलत नसत, मी सतरा वर्षांची. ताईही गेली तर घरात माझ्याशी बोलणार कोण? पाकीट दारात मीच घेतलं, फोडलं आणि पत्र माझी घडी घालून लपवलं. ती महिनाभर रोज फाटकाशी जाऊन उभी राहायची. पुढे बत्तीस वर्षं मी टपालात काढली. पुसट पत्त्यांचीसुद्धा पत्रं शोधून दारी पोचवली. हे एक सोडून.

तुझी बाई शेवटी बहिणीला काहीच बोलत नाही. पत्र होतं तसं दुमडते, जागच्या जागी ठेवते आणि दोघींपुरता चहा टाकते. ते पान मी सात वेळा वाचलं. एवढी माया कुठून आणलीस, पोरी? मी तर तुला फक्त बोलणी दिली. भांडायला म्हणून कागद घेतला होता.

पण तुझी बाई चुकली. पत्र खणात राहता कामा नये. रविवारी सकाळी ताई पहिल्यांदा वाचेल ते तुझं पुस्तक नाही, तिचं पत्र. माझ्या हातून. त्या वेळी तू शेजारी बसणार की नाही, ते शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळव. फोन नको, फोनवर मी विषय बदलते.

खालून वर दुमडून पाठवतेय.

तुझी,
पकडली गेलेली मावशी