तीन अंकांची पट्टी

सर, तुम्हाला जाऊन दहा वर्षं होत आली. तुमच्या शोकसभेत मी रडले नव्हते, हे आधीच सांगून टाकते. बाकी सगळे रडत होते. मी शेवटच्या रांगेत बसून तुमच्या फोटोतल्या कोटाच्या खिशाकडे बघत होते. त्या खिशातून डोकावणारी तुमची स्लाइड रूल, गुणाकार-भागाकार करायची ती सरकती पट्टी, त्या वेळी माझ्या पर्समध्ये होती, आणि त्या सभेत तिघांनी तरी ती गोष्ट सांगितली : सर किती मोठ्या मनाचे, एका गिरणी कामगाराच्या मुलीला स्वतःची पट्टी देऊन टाकली. मला बोलायला बोलावलं तेव्हा मी घसा बसलाय म्हणून सांगितलं. माझा घसा ठणठणीत होता.

आज आमच्या स्टाफरूममध्ये तीन कॅल्क्युलेटर टेबलावर मांडले होते. हो, मी शिकवते. पहिल्या वर्षाच्या मुलांनी कोणता घ्यावा हे ठरवायचं काम माझ्याकडे आलंय. दोन नेहमीचे आहेत. तिसरा नवा, त्याला आगपेटीएवढी काच आहे आणि समीकरण दिलं की तो त्या काचेवर आलेख काढतो. आमच्या विभागप्रमुखांनी मोठ्या उत्साहानं साइनचा आलेख काढायला घेतला, तर काचेवर जवळजवळ आडवी रेघ. "खराब निघालं हो मशीन. वापस करा याले." मी वाकून पाहिलं. मशीन अंशांवर होतं आणि आडवा अक्ष जेमतेम सहापर्यंत जात होता. सहा अंशांत साइन चढून चढून किती चढणार, एक दशांश. मी मशीन अंशांऐवजी रेडियनच्या मापावर टाकलं आणि काचेवर लाट उठली. सगळे वा वा म्हणाले. उत्तर किती यायला हवं ते आधी मनात बोलायचं आणि मगच हात लावायचा, ही सवय मला कुणी लावली ते मला माहीत आहे. पट्टी नुसते अंक देते, दशांश चिन्ह देत नाही, ते स्वतःच्या डोक्यातून आणावं लागतं, असं तुम्ही फळ्यावर टकटक करून सांगायचात. तुम्ही चांगलं शिकवायचात. तुमच्यावर चिडताना हीच गोष्ट सारखी मध्ये येते.

पट्टी मिळाली तो दिवस मला अजून स्वच्छ दिसतो. बाबा पहिल्या पाळीहून थेट कॉलेजात आलेत. गिरणीतल्या साच्याखालच्या कापसाचे तंतू त्यांच्या केसांत तसेच आहेत. चपला त्यांनी तुमच्या खोलीबाहेर काढून ठेवल्यात, देवळाबाहेर काढतात तशा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे इथे कुठे काय काढायचं हे त्यांना कोण सांगणार? "सर, पोरीले मशीन कोन्तं घेऊ? आमच्या साहेबाचा भाऊ मस्कतहून येऊन राह्यला, त्याले नाव सांगा लागते." तुम्ही हसलात. "अहो, मुलीला मशीन कशाला? डोकं गंजेल तिचं." मग कोटाच्या खिशातून ती पट्टी काढलीत, कातडी म्यानासकट, आणि माझ्या हातात ठेवलीत. "ही घे. तुला पुरेल." बाबा तुमच्या पाया पडले. मीसुद्धा पडले, सर. त्या वेळी मला खरंच वाटलं की मला काहीतरी मिळालंय.

दुसऱ्याच आठवड्यात आमच्या वर्गातल्या एका कंत्राटदाराच्या मुलाच्या वहीत मी एक चिठ्ठी पाहिली. अक्षर तुमचं. कोणता कॅल्क्युलेटर घ्यावा, त्याला मेमरी किती हवी, रेडियनची कळ आहे का ते बघून घे, बटणं दाबताना टिकटिक जाणवली पाहिजे, सगळं क्रमानं लिहिलेलं. खाली रेघ मारून : "नोकरीत उपयोगी पडेल." मी तशीच तुमच्या खोलीत आले. तुमच्या टेबलावर, वहीखाली अर्धवट झाकलेलं, तुमचं स्वतःचं नवं मशीन होतं. मी विचारलं, "सर, त्याला मशीन आणि मला पट्टी?" तुम्ही वर न बघता म्हणालात, "त्याला काम करायचंय. तू फार तर शिकवशील."

घरी येऊन मी बाबांना म्हटलं, मला कॅल्क्युलेटर हवाच आहे. बाबा जेवत होते. त्यांनी घास हातात धरून ठेवला. "एवढ्या मोठ्या मानसानं खिशातलं काढून देलं तुले, आता काहून मशीन पाहिजे वं? सरांपेक्षा जास्त समजते काय?" तोवर त्यांचं गिरणीच्या साचाखात्यात सगळ्यांना सांगून झालं होतं. तुमच्या पट्टीनं माझी वाट अशी बंद केली की तिथून परत फिरणं म्हणजे बाबांचा अपमान. तुम्ही साधा नकार दिला असतात तर मी भांडले असते. दान दिलंत.

पदवीनंतर एका पुलांच्या डिझाइन ऑफिसात मला मुलाखतीला बोलावलं. पूल बांधायचे, हे माझं शाळेपासूनचं ठरलेलं होतं. गावाकडच्या नाल्यावर पूल नव्हता म्हणून माझी आत्या वेळेत दवाखान्यात पोचली नव्हती, ते मी पाहिलेलं होतं. तिथे तुळईचं गणित दिलं. सगळ्यांनी कॅल्क्युलेटर काढले. मी म्यान उघडलं. माझी पद्धत बरोबर होती, उत्तरही बरोबर होतं, तीन अंकांपर्यंत. समोरच्या साहेबांनी विचारलं, "चौथा अंक?" मी म्हटलं, "पट्टीला चौथा अंक नसतो." एक जण म्हणाला, "बाई, कोन्त्या अजायबघरातून आणली ही?" आणि सगळे हसले. नोकरी त्या कंत्राटदाराच्या मुलाला मिळाली. मी शिकवायला लागले. तुमचं वाक्य खरं ठरलं, कारण ते खरं ठरेल अशी व्यवस्था तुम्हीच करून ठेवली होतीत. बाबा मात्र शेवटपर्यंत सांगत राहिले, "सरांच्या पट्टीनं पोरीचं नशीब काढलं." मी त्यांना कधी अडवलं नाही. तेवढं खोटं मला तुमच्यासाठी वागवावं लागलं, त्याचाही राग आहेच.

आता आजचं सांगते, कारण खरं तर त्यासाठीच लिहायला बसले. सकाळी एका डॉक्टरांचा मुलगा विचारायला आला. मी त्याला तो नवा आलेखाचा कॅल्क्युलेटर हातात देऊन दाखवला आणि म्हटलं, "हाच घे, पुढे कामाला येईल." दुपारी एक मुलगी आली, वडिलांबरोबर. ते इतवारी बाजारात भांड्यांच्या दुकानात माल चढवतात. खांद्यावर पंचा, बोटांना पितळेचा काळेपणा. दारातच त्यांनी चपला काढल्या. "मॅडम, पोरीले कोन्तं घेऊ? तुमी सांगान तेच." मी त्यांच्या चपलांकडे पाहिलं. एकीचा पट्टा तारेनं बांधलेला होता. मी म्हटलं, "साधा घ्या. तिला पुरेल." मुलगी टेबलावरच्या तिसऱ्या मशीनकडे बघत होती. वडील खुश झाले. "पाह्य, मॅडमच म्हन्ते पुरते म्हनून. चाल, बर्डीच्या बाजारातून घेऊन टाकू आजच."

ते गेल्यावर माझ्या लक्षात आलं. तोवर ते बसमध्ये बसले असतील. मग मी नोटीस लिहिली : मुलगा असो वा मुलगी, सगळ्यांसाठी एकच मशीन, आणि ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी विभागानं काही घेऊन कपाटात ठेवावीत, मी स्वतः सांभाळीन. विभागप्रमुखांशी तासभर भांडले आणि सही घेतली. तुम्हीही त्या दिवशी बाबांच्या चपला पाहिल्या होत्या का, असा प्रश्न मात्र संध्याकाळपासून डोक्यातून जात नाही. पाहिल्या असल्या तरी मी तुम्हाला माफ करत नाही. चपला पाहून तुम्ही बाबांचा खर्च वाचवला असेल, पण "तू फार तर शिकवशील" हे चपलांमुळे सुचत नाही.

हे पत्र घडी करून त्या म्यानातच ठेवणार आहे. दुसरा पत्ता कुठला? उद्या पहिल्याच तासाला ती मुलगी पिशवीतून तो साधा कॅल्क्युलेटर काढेल. मी तिला नोटीस दाखवीन, कपाटाची किल्ली दाखवीन. पण सर, त्याआधी मी वर्गात शिरेन तेव्हा ती आदरानं उभी राहील, आणि मला त्याचीच भीती वाटते.