कोऱ्या कार्डावरचं क्रियापद

४ मार्च

बुटांची नऊ खोकी माळ्यावरून खाली उतरवली. बाबांचा कोश! ते जाऊन चार वर्षं झाली, आता कुठे छापायला घेतलाय. प्रत्येक कार्डावर एक इंग्रजी क्रियापद, खाली मराठी अर्थ, त्याखाली उपयोगाचं वाक्य. संपादकबाईंचा फोन — "एका कार्डावर वाक्यच नाही. सोमवारपर्यंत देता, की शब्द गाळू?"

शब्द — डँडल. अर्थ बाबांच्या अक्षरात : तान्ह्या मुलाला मांडीवर घेऊन नाचवणे. खाली कोरं.

५ मार्च

मनाने काहीतरी ठोकून देता येत नाही ना! बाबांचा नियम — घरात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलंच लिहायचं. आणि स्वतः केलेलं तर मुळीच नाही. आठ वर्षांची असताना मी ऐटीत सुचवलं होतं, "'बाबा चिडले' असं लिहा ना!" केवढे हसले. "माझा साक्षीदार मीच? मग काय, सगळं रानच मोकळं!"

६ मार्च

कामधाम सोडून खोकी वाचत बसले. 'सल्क' — ती दाराआड रुसून उभी आहे. पायाचे अंगठे मात्र बाहेर दिसतात. मीच ती! 'नॅग' — पडद्यांवरून सकाळपासून टुमणं चालू आहे. ही आई, दुसरं कोण. हसता हसता डोळे भरून आले. तीन माणसांचं घर, पण किती गजबजलेलं! कानामागे पेन्सिल, टेबलावर डिंकाची बाटली, आणि मी जरा काही केलं की बाबांचा हात खिशातल्या कार्डाकडे.

सारखे टिपत असायचे. जवळ कधी घेतलं? मला तरी आठवत नाही.

७ मार्च

डोक्यात भुंगा. साडेतीन हजार क्रियापदं या घरात घडली आणि नेमकं हेच नाही? कोपऱ्यात तारीख आहे — मी तेव्हा चार महिन्यांची. म्हणजे मी होते, मोठी माणसं होती, आणि कुणाला वाटलंच नाही. बावन्न वर्षांची बाई मी, हसतील लोक. पण लागलं. खूप लागलं!

८ मार्च

आईला विचारायचं धाडस झालं नाही.

९ मार्च

संपादकबाईंना कळवलं — गाळा. मोकळं वाटेल असं वाटलं होतं. कुठलं काय!

१० मार्च, सकाळी

आई मटार सोलत होती. न राहवून विचारलंच, "मला कुणी मांडीवर खेळवलं नाही का गं?"

"आमच्या वाट्याला यायचीस कुठे तू! शाळेत शिकवून झालं की तुझे बाबा धावत घरी. हात धुतले की तू त्यांच्या मांडीवर. मी मागितलं तर म्हणायचे, थांब गं, आत्ता कुठे रंगात आलीये."

तशीच उठून फोन लावला. "गाळू नका! लिहून घ्या — तो तिला मांडीवर नाचवतो आणि दुसऱ्या कुणालाही देत नाही."

कार्ड भरलं. खाली लिहिलं : साक्षीदार — आई.