अर्धं कार्ड कोरं

तीर्थस्वरूप अक्कास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (खुर्चीत बसूनच घातला आहे, गोड मानून घे. कंबर धरली आहे. खाली वाकलो तर उठवायला दोन गिऱ्हाइकं लागतील आणि सध्या दुकानात एकच आहे, तेही तोंडाला साबण लावून बसलेलं.) तुझी तब्येत कशी आहे हे तुला विचारत नाही, कारण विचारलं की तू "बरी आहे" म्हणतेस आणि फोन भाचीच्या हातात देतेस. म्हणून परस्पर भाचीलाच विचारलं. ती म्हणाली, चालणं सुधारलंय, जेवण ठीक आहे, उजवा हात तेवढा अजून रुसलेला आहे, आणि बोलणं तर इतकं पूर्वीसारखं झालंय की जावईबापू हल्ली ऑफिसातून उशिरा येतात. ऐकून जिवात जीव आला. इकडे सगळं ठीक. ही मजेत आहे आणि माझ्या डोक्यावरचे उरलेसुरले केसही मजेत आहेत. सोडून जायची धमकी दोघंही देतात, पण अजून कुणी गेलेलं नाही.

पत्राला कारण असं काही नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तुला सवय आहे, माझं पत्र आलं की आधी शेवट वाचायचा, धाकट्याला काय हवंय ते बघायचं आणि मग सावकाश वरून सुरुवात करायची. या खेपेला तसं करू नकोस. नुसती हकिकत आहे.

तुझं महिन्याचं कार्ड यायचं बंद झाल्यापासून पोस्टमनबाई आपल्या दुकानावरून सरळ पुढे जायला लागली. आधी निदान दारात थांबायची, "अक्कांचं आलंय" म्हणायची आणि माझ्याआधी वाचून झालेलं असल्यामुळे आतला मजकूरही सांगायची. आता नुसती मान हलवते. मला ते बघवेना. मी तिच्यासमोर एकदा उगाचच कुरकुर केली, ती शेजारच्या झेरॉक्सवालीने ऐकली आणि मला एका क्लबात अडकवलं. (झेरॉक्सवाली तुला आठवत असेल. तिची पाटी रंगवताना पहिल्याच अक्षराच्या वळणावर तू अख्खी दुपार घालवली होतीस आणि तोवर ते अर्धवट अक्षर करवतीसारखं दिसल्यामुळे लोक तिच्या दुकानाला सुतारकामाचं दुकान समजत होते.)

क्लब असा आहे. कॉम्प्युटर तुला जगातल्या कुठल्यातरी अनोळखी माणसाचा पत्ता देतो, सोबत एक नंबर देतो. चित्राचं कार्ड घ्यायचं, मागे तो नंबर घालायचा, चार ओळी लिहायच्या आणि पाठवायचं. ते पोचलं की तो माणूस क्लबाला नंबर कळवतो, मग आपला पत्ता भलत्याच तिसऱ्या माणसाला जातो आणि त्याचं कार्ड आपल्याला येतं. ज्याला पाठवलं त्याने उत्तर द्यायचं नाही, ज्याचं आलं त्याला आपण द्यायचं नाही. मला हे काही पचेना. केस कापायचे एकाचे आणि "छान झाले" म्हणायचं दुसऱ्याने, असला हा व्यवहार. पण झेरॉक्सवाली म्हणाली, "काका, असंच असतं. कुणाचं कुणाकडे तरी पोचतं." ती हल्ली अशी बोलते. नवरा परगावी नोकरीला आहे.

आता पुढचं जे झालं त्याला जबाबदार आपली आई. तुला आठवतंय ना, कार्डावर कोरी जागा ठेवायची नाही हा तिचा कायदा? "पैसे अख्ख्या कार्डाचे घेतलेत त्यांनी," असं म्हणून ती मजकूर संपला की कडेने लिहायची, कड संपली की डोक्यावर उलटं लिहायची, आणि शेवटचं "काळजी घेणे" तिकिटाला वळसा घालून जायचं. वाचणाऱ्याला कार्ड मोटारीच्या चाकासारखं हातात फिरवावं लागे. बाबांना तर चक्करच यायची. या बाबतीत तू आईची लेक नव्हतीस. तुझं कार्ड कसं, चारी बाजूंनी सारखी जागा सोडून, रेघ न मारता रेघेत. आई म्हणायची, पोरगी कार्ड लिहीत नाही, पाटी रंगवते. मी मात्र आईचा. अक्षर घाणेरडं, पण जागा एक इंचही वाया घालवणार नाही.

तर पहिलं कार्ड मी त्याच कायद्याने भरलं. झेरॉक्सवालीने तिकडच्या भाषेत चार ओळी लिहून दिल्या, त्या मी उतरवल्या. मग उरलेल्या जागेत आपल्या भाषेत थोडं स्वतःबद्दल लिहिलं. (त्या माणसाला कळणार नाही हे मलाही कळतं. पण कोरं कसं पाठवणार?) तरी पत्त्याच्या आजूबाजूला बरीच जागा शिल्लक दिसली. मग तिथे, पाहुणा कधी आलाच इकडे तर चुकू नये म्हणून, आपल्या दुकानाचा पत्ता, बसचा थांबा, समोरची बेकरी, सगळं नीट लिहून काढलं. नंबर त्यात कुठे गडप झाला देव जाणे. कार्ड पेटीत टाकलं आणि समुद्रापलीकडे माझं नाव गेलं या आनंदात त्या दिवशी एका गिऱ्हाइकाचे कल्ले लहानमोठे कापले.

पुढच्याच आठवड्यात पोस्टमनबाई दारात थांबली. मी कात्री टाकून धावलो. बाई म्हणाली, "काका, तुमचं तुम्हालाच आलंय." एका कार्डावर दोन पत्ते बघून पोस्टातल्या मंडळींनी जवळचा निवडला होता. त्यांना तरी काय बोलणार, मीही तेच केलं असतं. अशा रीतीने जगातून मला आलेलं पहिलं कार्ड माझंच होतं. दुपारी दुकान रिकामं असताना वाचून काढलं. खोटं कशाला बोलू, आवडलं. माणूस बडबड्या वाटला पण मनाने चांगला. उत्तर द्यावंसं वाटलं, पण क्लबाचा नियम आड आला.

मग झेरॉक्सवालीने माझ्यावर पहारा बसवला. पत्त्याच्या बाजूला ती स्वतः पट्टीने चौकोन आखून देते आणि त्याच्या आत पाऊल टाकायचं नाही अशी तंबी देते. असं सुरू झाल्यावर मात्र कार्डं जायला लागली आणि यायलाही लागली. आपल्या मोठ्या आरशाच्या कडेने मी ती लावली आहेत. बर्फात बुडालेलं स्टेशन आहे, दीपगृह आहे, एका गावातली नुसती दारं आहेत, आणि एकावर एक बकरी आहे, जिच्याकडे बघून आपल्या बेकरीवाल्याची सगळ्यांनाच आठवण येते. (त्याला ते कळलेलं नाही. तो कौतुकाने बघतो.) गिऱ्हाइकं कार्डं बघायला माना वळवतात आणि मी त्या सरळ करतो, असा दिवस जातो.

पण अक्का, ही माणसं लिहितात किती कमी! "आज पाऊस आहे. मांजर झोपलंय. तुम्हाला शुभेच्छा." संपलं. अर्धं कार्ड कोरं. माझा जीव तळमळायचा. बर्फाच्या देशातल्या एका नर्सबाईने लिहिलं की गुडघा दुखतोय. बास, एवढंच. कुठला गुडघा, कधीपासून, औषध काय, घरात करायला कोण आहे? मी नियम बाजूला ठेवला आणि त्यांना सगळं विचारणारं कार्ड धाडलं. बाई घाबरल्या असाव्यात. त्यांनी क्लबाला कळवलं आणि क्लबाने झेरॉक्सवालीच्या कॉम्प्युटरवर मला समज दिली की कृपया अनोळखी व्यक्तींच्या गुडघ्याची चौकशी करू नये. (शब्द वेगळे होते, अर्थ हाच.) उत्तरं बंद झाल्यावर मला दुसरा नाद लागला. आलेल्या कार्डाच्या कोऱ्या अर्ध्या भागात, त्या माणसाने पुढे काय लिहिलं असतं, ते मीच लिहायला लागलो. मांजर का झोपलं, पाऊस कधी उघडला, मुलगा सुट्टीला आला की नाही. ही म्हणाली, लोकांची पत्रं तुम्हीच लिहायची तर पोस्टाला मध्ये कशाला त्रास? तिचं बरोबर असतं, म्हणून मी ऐकत नाही.

अशात मागच्या महिन्यात एक कार्ड आलं. समोर एका जुन्या पुलाचं चित्र. मागचं अक्षर बघून मला आधी वाटलं कुणा लहान पोराने लिहिलंय. एक अक्षर डोंगराएवढं, पुढचं मुंगीएवढं, आणि ओळ वरच्या कोपऱ्यातून निघाली ती घसरगुंडीवरून खाली आल्यासारखी. झेरॉक्सवालीने वाचून दाखवलं. लिहिणारे गृहस्थ घड्याळं दुरुस्त करायचे. उजवा हात गेला, आता डाव्या हाताने लिहितात. पुढे दोनच वाक्यं होती: "हे अक्षर माझं नाही. पण कार्ड माझंच आहे."

तेव्हा खुर्चीत ते निवृत्त हेडमास्तर होते. हो, तेच, जे माझ्या दरपत्रकातल्या चुका दर वेळी लाल पेनाने दुरुस्त करतात. त्यांनी कार्ड मागून घेतलं, बराच वेळ बघितलं आणि खिशातलं पेन खिशातच ठेवलं. जाताना फक्त म्हणाले, "हे मधोमध लावा."

मी ते आरशाच्या मधोमध लावलं. तेही अर्धं कोरं होतं. संध्याकाळी सवयीने पेन घेऊन बसलो, त्या माणसाने पुढे काय लिहिलं असतं ते लिहायला, आणि मला एक शब्द सुचेना. खरं तर लिहिण्यासारखं राहिलंच नव्हतं काही. मग पेन ठेवून दिलं. आईचा कायदा आयुष्यात पहिल्यांदाच मोडला आणि घरी जाऊन जेवलोही नीट.

तुला ही हकिकत का सांगतोय? सहज. भाची मागे म्हणाली होती, तू एकदा कार्ड घेऊन बसलीस, दोन ओळी लिहिल्यास आणि फाडून टाकलंस. "असले कोंबडीचे पाय कुणाला पाठवू?" असं म्हणालीस म्हणे. अक्का, आपल्या घरात कुणीतरी एकाने घाणेरडं अक्षर काढायचं असतं, ते काम मी इतकी वर्षं इमानेइतबारे केलं. कोंबडीचे पाय तू जन्मभर वाचलेस आणि एकदाही परत पाठवले नाहीस. दुकानाच्या दारावर तुझ्या हातची पाटी आहे, ती रोज सकाळी कुलूप काढताना बघतो. ती बघायला मला तुझं पत्र लागत नाही. पत्र मला तुझ्यासाठी लागतं. तुझी आठवण येते, एवढंच. हे फोनवर बोलायचं म्हटलं तर तू फोन भाचीला देशील, म्हणून लिहिलं.

साबणवालं गिऱ्हाईक सुकलं आहे आणि चिडलंही आहे. थांबतो. जावईबापूंना नमस्कार, भाचीला आशीर्वाद. तू तब्येतीला जप.

तुझा टकला धाकटा

ता. क. पत्राला कारण नाही म्हणालो होतो, पण थोडं आहे. घड्याळजींचं ते कार्ड तुझ्यासाठी सोबत घातलंय. दुकानातल्या सगळ्यांनी विरोध केला, हेडमास्तरांनी सर्वांत जास्त. मग "कुणाला पाठवताय?" असं त्यांनी विचारलं. मी सांगितल्यावर कार्डाचं आतलं पाकीट त्यांनी स्वतःच चिकटवलं. तेव्हा हे कार्ड तुला कायमचं नाही. क्लब अदलाबदलीचा आहे. हे ठेवून घ्यायचं असेल तर बदल्यात एक पाठवावं लागेल.

ता. क. दुसरा. कोरी कार्डं भाचीच्या कपाटात टॉवेलांच्या खाली आहेत. तिकिटं लावलेली आहेत आणि पत्ताही झेरॉक्सवालीने आधीच घालून ठेवला आहे. सगळ्यांवर एकच पत्ता आहे. त्यातलं एखादं फाडलंस तरी चालेल, हवी तेवढी आहेत. भाचीला रागावू नकोस, ती माझ्याच बाजूची आहे.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. आरशाच्या मधली जागा रिकामी झाल्यापासून गिऱ्हाइकांना तिथे स्वतःचं तोंड दिसतं आणि तक्रारी वाढल्या आहेत. धंद्याचा प्रश्न आहे, लवकर बघ. दोन ओळी बास झाल्या, एकही चालेल. बाकीचं कार्ड कोरं राहू दे. वर गेल्यावर आईला काय सांगायचं, ते मी बघतो.