आदेश बसथांब्यावर बजावून मिळण्याबाबत

प्रति,
मा. संरक्षण अधिकारी,
महिला संरक्षण कक्ष.

अर्जदार : सौ. वर्षाली रविराज होळकुंडे, वय ४४, धंदा नोकरी, रा. मोशी. (‘सौ.’ हे नमुन्यात आधीच छापलेले आहे.)

विषय : सामनेवाले रोज दिसतात परंतु सापडत नाहीत; सबब आदेश ते उभे असतात तिथेच बजावण्याबाबत.

संदर्भ : १) न्यायालयाचा दि. ९ जून २०२५ रोजीचा अंतरिम संरक्षण आदेश. २) आपल्या कार्यालयाचे बजावणीचे दोन अहवाल.

महोदय,

१. अर्जदाराचा न्यायव्यवस्थेवर पूर्ण विश्वास आहे. हे वाक्य पहिल्या परिच्छेदात लागतेच, असे वकीलबाईंनी सांगितले, म्हणून ते इथे आहे.

२. सामनेवाले रविराज हे अर्जदाराचे पती. दि. ११ फेब्रुवारी रोजी त्यांनी बेडरूमचे दार लावले तेव्हा अर्जदाराच्या डाव्या हाताची दोन बोटे चौकटीत होती. दार त्यांनी उघडून पुन्हा लावले, म्हणून यास अपघात म्हणता येत नाही. त्याच आठवड्यात ते घर सोडून गेले. ते कुठे राहतात हे अर्जदारास माहीत नाही. कुठे उभे राहतात ते माहीत आहे.

३. सामनेवाले यांनी अर्जदार व मुलगी मिनल यांच्यापासून दोनशे मीटर लांब राहावे, असा आदेश न्यायालयाने दिला. परंतु आदेश हातात पडेपर्यंत माणसाने तो मोडला असे धरता येत नाही, असे चौकीत समजावून सांगण्यात आले. समजावणारे हवालदार सभ्य होते. त्यांनी बसायला खुर्ची दिली.

४. पहिली बजावणी दि. १७ जून रोजी झाली. सामनेवाले यांचा शेवटचा ज्ञात पत्ता म्हणजे अर्जदाराचेच घर, त्यामुळे आपले शिपाई श्री. धोंडीबा हे अर्जदाराच्याच दारात आले. येथे अर्जदाराकडून एक चूक घडली, ती मान्य आहे. अर्जदार चाकणला एका कंपनीत सोळा वर्षे स्टोअरमध्ये आलेला माल उतरवून घेते. कुणी कागद पुढे करून “इथं सही” म्हटले की हात आपोआप चालतो. अर्जदाराने सही केली आणि वर लिहिले : “नग १. तपासून घेतला. सुस्थितीत.” पुढच्या तारखेला न्यायालयाने विचारले, की नवऱ्यावर काढलेला आदेश बायकोनेच कसा स्वीकारला?  पुन्हा बजावा, असे झाले.

५. दुसरी बजावणी दि. २२ जुलै. त्या दिवशी आपल्या सूचनेवरून अर्जदार रजा टाकून घरी थांबली. सामनेवाले यांस रजेची कल्पना नसल्याने ते नेहमीप्रमाणे सव्वाचारला, कंपनीची बस येण्याच्या वेळी, सोसायटीसमोरच्या थांब्यावर हजर होते. अर्जदाराने श्री. धोंडीबा यांना गॅलरीत नेऊन बोटाने दाखवले; वरून नुसती डोकीच दिसत होती. ते म्हणाले, “ताई, कागदावर फ्लॅट नंबर लिवलाय. बसस्टॉप न्हाई लिवला. तिथं दिला तर सायेब माझीच चौकशी लावत्याल.” मग ते खाली उतरले आणि थांब्याशेजारच्या टपरीवर चहा प्यायले. तिथे सामनेवाले यांनीच त्यांना विचारले, “काका, कुणाला शोधताय?”

“हितं कुणी होळकुंडे हायत का?”

“होळकुंडे? ते गेले की गावाकडं, लातूरला.”

हे टपरीवाल्याने अर्जदारास नंतर हसत सांगितले. आपल्या अहवालात नोंद आहे : “स्थानिक व्यक्तीकडे चौकशी केली असता इसम परगावी गेल्याचे समजले.” सदर स्थानिक व्यक्ती म्हणजेच सदर इसम, एवढेच अर्जदारास नम्रपणे नोंदवायचे आहे.

६. आता थांब्याविषयी. नोकरीची पहिली नऊ वर्षे सामनेवाले याच थांब्यावर अर्जदाराला घ्यायला येत. दुसरे हेल्मेट सोबत आणत. पावसात ते स्वतःच्या शर्टाने पुसून देत. बसमधल्या बायका म्हणत, “वर्षाली, नशीब काढलंस गं.” अर्जदारालाही तसेच वाटे. आजही ते दुसरे हेल्मेट घेऊन येतात.  अर्जदार रस्ता ओलांडेपर्यंत ते नुसते पुढे धरून उभे राहतात, मग गाडी हळूहळू मागून गेटपर्यंत येते. बसमधल्या बायका अजूनही तेच म्हणतात. चौकीत हे सांगितले तर हवालदार म्हणाले, “हेल्मेट आणतोय म्हणजे काळजी दिसतीय, मॅडम.” अर्जदाराने पुष्कळ विचार केला. जे तेव्हा होत होते आणि जे आता होते, त्याचे कागदावर वर्णन एकच होते. फरक फक्त अर्जदाराच्या पोटात कळतो आणि पोट पुरावा म्हणून जोडता येत नाही.

७. मिनल बारावीत आहे. ऑगस्टपासून ते तिच्या क्लासखालीही उभे राहू लागले. ती मला म्हणाली, “मम्मी, पप्पा काहीच करत नाहीत गं. त्याचीच भीती वाटते.” त्या दिवसापासून तिने क्लास सोडला. तिला चित्रकलेत नव्हे, गणितात गती आहे, हे सामनेवाले यांनीच पहिल्यांदा ओळखले होते.

८. तरी विनंती की,
(अ) श्री. धोंडीबा यांस दुपारी सव्वाचारला थांब्यावर पाठवावे. अर्जदार बसच्या खिडकीतून हात करील.
(आ) माणूस ओळखता न आल्यास ज्याच्याकडे एक डोके आणि दोन हेल्मेट आहेत, त्याच्या हातात आदेश द्यावा.
(इ) दि. १७ जूनची अर्जदाराची सही रद्द समजावी. माल अर्जदाराचा नव्हता.

९. सामनेवाले यांना शिक्षा व्हावी असे अर्जदाराचे म्हणणे नाही. त्यांनी थांबू नये, एवढेच आहे.

आपल्या कार्यालयास त्रास दिल्याबद्दल दिलगीर,
वर्षाली र. होळकुंडे
दि. २८ ऑगस्ट २०२५

सोबत : आदेशाची प्रत; बोटांचा एक्स-रे; दोन्ही अहवाल; कंपनीच्या बसचे वेळापत्रक.

ता. क. (दि. १ सप्टेंबर) : अर्ज देण्यास चार दिवस उशीर झाला. शुक्रवारी मी आणि मिनल बहिणीकडे राहायला गेलो. अर्जाची प्रत सामनेवाले यांनाही मिळते, म्हणून नवा पत्ता लिहीत नाही. मोशीच्या फ्लॅटचा भाडेकरार त्यांच्या नावे असल्याने घरमालकांनी किल्ली त्यांना दिली. आता ते आदेशावरच्या त्याच पत्त्यावर सकाळ-संध्याकाळ सापडतात.