दहापैकी दहा

तर अप्पा, आई शेवटी तयार झाली, पण सहजासहजी नाही. गुडघा बदलायला तिची ना नव्हतीच, भांडण होतं ते पाठीतल्या नळीवरून. "गुडघा बदला, पाय बदला, पण कमरंत सुई न्हाई. मोठ्या जाऊबाईला बाळंतपणात दिली व्हती, अजून कंबर धरून उठत्यात." गंगाखेडच्या अर्ध्या बायकांची कंबर त्या सुईनंच गेली, असं तिचं पक्कं मत. आणि मी इकडं भूलशास्त्र शिकायलेय, एपिड्युरल, म्हणजे हीच पाठीतली नळी, हा माझा सगळ्यात आवडता विषय. मी तिला मोबाईलवर मणक्याचं चित्र दाखवलं. शेवईसारखी बारीक नळी, तिच्यातून थेंब थेंब औषध, ऑपरेशन झाल्यावर दोन-तीन दिवस दुखणं जवळजवळ कळतच नाही. लय जोशात सांगत होते मी. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "इंग्लिश शाळंत ह्याच्यासाठी घातलं का तुला, आईच्या पाठीत नळ्या घालाया?"

मग मी तुमचं नाव काढलं. उसाच्या ट्रॉलीवरून पडून तुमची मांडी मोडली तेव्हा मी लहान होते, पण परभणीच्या दवाखान्यातली ती खोली अजून डोळ्यापुढं आहे. तुम्ही टॉवेलचा कोपरा दातात धरून पडलाय, कपाळावर घाम, मी डबा घेऊन दारात. डॉक्टर म्हणतात गुडघा वाकवा, तुम्ही म्हणता उद्या. रोज उद्याच. हाड जुळलं, गुडघा मात्र काठीसारखा ताठ राहिला. पुढं लग्नाकार्यात लोक खाली पंगतीला आणि तुम्ही कडंला खुर्चीवर, ताट हातात, कुणाकडं न बघता. एकदा मी म्हटलं, अप्पा, माझ्याजवळ खाली बसा ना, तर तुम्ही "गप जेव" म्हणून असे खेकसलात की माझा घास हातातच राहिला. तेव्हा कळलं नाही, आता कळतं. आईला मी तेच सांगितलं, "अप्पांचा गुडघा हाडानं नाही अडकला, दुखण्यानं अडकला. तुझा नाही अडकू द्यायचा." ती भाकरी थापत होती, हात थांबला. "घाला मग नळी," एवढंच बोलली.

परभणीतच ऑपरेशन झालं आणि आई गप्पा मारतच बाहेर आली. मी तिला आधीच शिकवून ठेवलं होतं, सिस्टर विचारतील दुखणं दहापैकी किती, तू आकडा सांगायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली चहाला गेले आणि नेमकं तेव्हाच सिस्टरनं विचारलं. आई म्हणाली, "दहा." सिस्टरनं डॉक्टरांना फोन केला, त्यांनी सांगितलं तसा नळीतल्या औषधाचा पंप वाढवला. थोड्या वेळानं मी वर येते तर व्यायाम घ्यायला आलेली मुलगी पलंगाजवळ उभी आणि आईचा पाय उचलतच नाही. "माय, पाय कुठं गेला गं माझा? कमरंला भेत व्हते, हितं पायच गेला. काढा ती नळी." औषध वाढलं की पाय असा तात्पुरता बधिर होतो, हे मला ठाऊक होतं. पण नळी आज काढली तर दुखणार, दुखलं तर ती पण उद्या म्हणणार, आणि पुढचं आपण घरात बघितलेलंच होतं.

"आई, लय दुखत होतं का?"

"कुठं दुखायलंय? कायच न्हाई."

"मग दहा कशाला सांगितलं?"

"दहापैकी दहा म्हंजी पैकीच्या पैकी ना? एवढं चांगलं केलं डॉक्टरनं, त्यांचे मार्क कशाला कापू?"

सिस्टर तोंडावर हात धरून हसायली. "मावशी, आमच्यात शून्यवाला पास असतो."

"असली कसली शाळा," आई म्हणाली.

पंप कमी केला. दुपारी तिची बोटं हलली, मग घोटा, मग अख्खा पाय. संध्याकाळी ती पलंगाच्या कडंला बसते, त्या मुलीचा हात तिच्या टाचेखाली, आणि गुडघा हळूहळू मागं जातो. आई त्याच्याकडं असं बघते जसं काही तो दुसऱ्याच कुणाचा आहे. "वाकला की गं," म्हणते. मग वॉकर धरून उभी राहते आणि दारापर्यंत जाते. अप्पा, ती त्या दारात उभी होती ना, तेव्हा मला सगळी परभणी जिंकल्यासारखं वाटलं.

आता ती एसटीत कुणाचा हात न धरता चढते. कंबर शाबूत आहे, हे मोठ्या काकूंना मुद्दाम उठून-बसून दाखवते. शेजारच्या दोघी तर आता मलाच विचारायल्यात, आमच्या पाठीत पण ती नळी घालतीस का म्हणून. तुम्ही गेल्यावर लिहिलेलं हे पत्र काही कुठं पोचणार नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगून टाकते. नळी मी घातलीच नव्हती, तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी घातली, मी दाराबाहेर उभी होते. पण आई गावभर सांगते, "माझ्या लेकीनं घातली," आणि मी तिला एकदाही अडवलं नाही. सांगून टाकू का तिला, की राहू देऊ? तुम्हाला काय वाटतं, अप्पा?