पट्ट्या बसल्या

लवोन,

मी रंगाचा डबा आणायला गावात गेलोय, जेवायला थांबू नकोस. पिकअपच्या हौद्यात लोखंडी पट्ट्या बसल्या. आता तुझं चाकांवरचं फिरतं घर मागे जोडता येईल. तुझं म्हणजे, डेलचं.

काल कॉफी ओतताना तू सहज म्हणालीस, "डेल असता तर तासाभरात उरकलं असतं." ते मला फार लागलं. त्याच्या हत्यारपेटीत त्याची वही सापडली होती. मागच्या चाकांच्या आसापासून किती अंतरावर पट्ट्यांसाठी भोकं पाडायची, सगळं नीट लिहिलेलं. मी ती मुद्दाम मिटून ठेवली, स्वतः मापं घेतली आणि पहिलंच भोक तीन इंच मागे पाडलं. शेवटी वहीच उघडावी लागली.

बायकोच्या गेलेल्या पहिल्या नवऱ्याचा हेवा करू नये हे मला कळतं. पण आपलं लग्न झाल्यापासून करतोय. चुकलेलं भोक बुजवलंय, वर रंग मारला की दिसणार नाही.

शनिवारी ब्लॅक हिल्सला नको जाऊया, तिथे तुम्ही दोघं दरवर्षी जायचात. तू अजून कुणाबरोबरच गेली नाहीस, अशी एखादी जागा नकाशात शोधून ठेवशील?

ऑर्विल