एकशे अकरा सेंटीमीटरचा सूर्य

प्रिय चिमण्या,

पन्नाशी गाठलेल्या माणसाला चिमण्या म्हणणं बरं दिसत नाही. पण सहा वर्षं आपण बोललेलो नाही, त्यामुळे दुसरं काही म्हणायची सवय लागली नाही. फाडण्याआधी एवढं लक्षात घे, की हे पत्र शाळेच्या कामाचं आहे. निदान सुरुवात तरी.

सातवीच्या मुलांबरोबर मी सूर्यमाला करते आहे. भिंतीवर टांगतात तसली नाही. आकार आणि अंतरं एकाच मापात, जशी आहेत तशी. सूर्य शाळेच्या फाटकावर, पत्र्याचा, एकशे अकरा सेंटीमीटर रुंद. पृथ्वी मटाराएवढी, एकशे वीस मीटरवर, झेरॉक्सवाल्याच्या पायरीशी. गुरू पोस्टाजवळ, शनी पेट्रोल पंपाच्या अलीकडे, युरेनस पाण्याच्या टाकीपाशी. टेप तीस मीटरची, म्हणून मुलं दर तीस मीटरला खडूची रेघ मारत जातात. किल्ल्या बनवणाऱ्याला वाटलं रस्ता रुंद होणार. त्याने मला अडवून सांगितलं, दुकान पाडायचं तर आधी नोटीस द्या. शुक्र दाखवला तेव्हा कुठे शांत झाला.

ग्रह आधी मातीचे केले. माझीच अक्कल. ओला गुरू मापात चोख बसला, आणि वाळल्यावर सेंटीमीटरभर आक्रसून मधोमध तडकला. मुलं पोट धरून हसली. मला बाबा आठवले. ओलं लाकूड ते कातायला लेथवर चढवू द्यायचे नाहीत. तू दहा वर्षांचा असताना त्यांच्या नकळत चढवलंस, पलंगाचे चारही पाय वाकडे निघाले, आणि दोष मी माझ्या अंगावर घेतला. पुढे तू कातकाम शिकलास, मी गणित शिकले, आणि घरात कुणाला काय, केव्हा कळवायचं हे मी ठरवायचं, असं होऊन बसलं. बाबांनाही ते सोयीचं होतं.

वर्गात एक मुलगी आहे. तिला सगळे वकीलबाई म्हणतात, आणि उगाच म्हणत नाहीत. तिने विचारलं, सूर्य एकशे अकराच का, सरळ एक मीटर का नाही? मी म्हटलं, पत्रा तेवढाच मिळाला. ही पत्रेवाल्याकडे जाऊन आली. पत्रा दीड मीटरचा होता. मग तिने मीटरचा सूर्य धरून सगळी अंतरं पुन्हा काढली, तर नेपच्यून टायरच्या दुकानासमोर येत होता. माझ्या मापाने तो तीन हजार सहाशे मीटरवर येतो, तुझ्या कारखान्याच्या फाटकावर. काल वर्ग रिकामा झाल्यावर ती टेबलापाशी आली.

“बाई, तुम्ही नेपच्यून आधी ठरवलात आणि सूर्य नंतर, हो ना?”

मी हो म्हटलं. का, असं ती विचारेल म्हणून थांबले. तिने विचारलं नाही, दप्तर उचलून गेली. तिने विचारलं असतं तर तिला काय सांगितलं असतं, ते तुला सांगते.

बाबा शेवटचे आजारी होते तेव्हा तू परगावी त्या नाट्यगृहाच्या कठड्याचे दोनशे खांब कातत होतास. मी फोनवर म्हटलं, बाबा बरे आहेत, काम उरकून ये. बुधवारी ते गेले. गुरुवारी तू पोचलास, तोवर सगळं आटोपलं होतं. दारात एवढंच म्हणालास, “कळवायला काय झालं होतं तुला?” मी तुला आणि सगळ्यांना सांगितलं की डॉक्टरांनी आठ-दहा दिवस दिले होते. ते खोटं आहे. डॉक्टर रविवारीच म्हणाले होते, मुलाला आज बोलावून घ्या. आठ-दहा दिवस माझे मी ठरवले. तुझं एवढं मोठं काम अर्धवट राहू नये असं वाटलं, आणि मला जास्त कळतं असंही वाटलं. सोमवारी बाबांनी दोनदा विचारलं, आला का? मी म्हटलं, निघालाय. याची मला लाज वाटते, रोज वाटते.

शनिवारी सकाळी मुलं सूर्यापासून चालत निघतील, साडेदहाच्या सुमारास तुझ्या फाटकाशी येतील. बाकीचे ग्रह नव्याने केले आहेत, नेपच्यून केलेला नाही. तो एकोणचाळीस मिलिमीटर आणि सहा दशांश हवा, वाळलेल्या लाकडाचा. तुला नाही करावासा वाटला तर मुलांना सांगेन की गोळा तयार झाला नाही, आणि आम्ही बाहेरूनच परत फिरू. केलास तर फाटकाला अडकवून ठेव. मी सगळ्यांच्या मागे असेन.

तुझीच,
चुकलेली ताई